लिंक भरली का, गुरुजी?

पोलादपूर तालुक्यात बदली झालेला शिक्षक पूर्वी पहिला प्रश्न विचारायचा, ‘एसटी कुठपर्यंत जाते?’ आता विचारतो, ‘रेंज कुठपर्यंत येते?’ दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच मिळतं : ‘फाट्यापर्यंत.’ फाट्याच्या पुढे ज्याचे त्याचे पाय आणि ज्याचं त्याचं नशीब.

महाड शहराची गोष्ट वेगळी. चवदार तळ्यापासून बिरवाडीच्या एमआयडीसीपर्यंत रेंजला तोटा नाही. पण सावित्रीच्या कडेकडेनं वर निघालं, पोलादपूर मागे टाकलं आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांकडे वळलं, की मोबाइलच्या कोपऱ्यातल्या काड्या एकेक करून गळायला लागतात. तिथल्या प्रत्येक शाळेत रेंजची एक ठरलेली जागा असते. कुठे ती खिडकीच्या तिसऱ्या गजापाशी, कुठे पाण्याच्या टाकीवर, कुठे देवळामागच्या टेपावर, आणि तीसुद्धा सकाळी, ढग खाली उतरायच्या आत. जुने गुरुजी नव्या गुरुजींना चार्ज देतात तेव्हा डेडस्टॉक रजिस्टर, कपाटाच्या किल्ल्या, पोषण आहाराचा तांदूळ आणि रेंजची जागा, हे सगळं समक्ष दाखवून देतात. पहिल्या तिन्हींची सही होते. चौथीवर विश्वास ठेवावा लागतो.

खरं तर संदेशवहनात हा मुलूख कधी मागे नव्हता. 1659 साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा निकाल लागला, गडावरून इशारतीची तोफ झाली आणि जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांना ती एकाच वेळी पोचली. ‘मला मेसेज उशिरा आला’ असं एकानेही सांगितल्याची नोंद बखरीत नाही. त्याच गडाच्या खालच्या वाडीतला शिक्षक आज सोमवारी दिलेलं ‘अतितात्काळ’ पत्र गुरुवारी वाचतो. त्या पत्रात लिहिलेलं असतं, ‘सोबतची लिंक आजच दुपारी दोनपर्यंत भरावी, अन्यथा आपणास जबाबदार धरण्यात येईल.’

लिंक भरणं हे आता शिक्षकाचं मुख्य काम आहे. मधल्या वेळात तो शिकवतो.

उदाहरणार्थ ती पॅट. पूर्ण नाव नियतकालिक मूल्यांकन चाचणी. स्टार्स प्रकल्पातून 2023-24 पासून ती आपल्याकडे सुरू झाली. आधी पायाभूत, मग संकलित एक, मग संकलित दोन. विषय भाषा, गणित आणि इंग्रजी. प्रश्नपत्रिका छापील येतात, पोरं पेन्सिलीनं सोडवतात, गुरुजी लाल पेनानं तपासतात. इथपर्यंतचं तंत्रज्ञान म्हणजे शार्पनर. खरी परीक्षा पुढे. प्रत्येक पोराचे गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरायचे असतात.

हा सोहळा मी एकदा टेपावर उभं राहून पाहिला. गुरुजींच्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात गुणांचा तक्ता, आणि छत्री पाचवीतल्या एका पोराच्या हातात. पोराची उंची गुरुजींच्या कोपराएवढी, त्यामुळे गुरुजी गुडघ्यात वाकलेले. बॉट अतिशय नम्र. ‘नमस्कार, कृपया इयत्ता निवडा.’ गुरुजींनी निवडली. ‘कृपया विषय निवडा.’ निवडला. मग एक गोल फिरायला लागला. तो बराच वेळ फिरला. मग बॉट म्हणाला, ‘काहीतरी चुकले आहे. पुन्हा प्रयत्न करा.’ गुरुजींनी मोबाइल छत्रीबाहेर काढून आभाळाकडे धरला. बॉट पुन्हा म्हणाला, ‘नमस्कार.’

असं करत करत सहा पोरांचे गुण चढले. तेवढ्यात छत्रीवाल्यानं तोंड उघडलं. ‘गुरुजी, सा झाले, चवदा ऱ्हायले. येकाला तीन मिन्टं लागतात. म्हंजे बेचाळीस मिन्टं. बॅटरी नऊ टक्के हाय. पुरायची नाय. पोरींचे आधी भरा, त्यांची नावं बारकी हायत.’

गुरुजींनी तक्त्यात त्याच्या नावासमोर पाहिलं. गणितात त्याला तीन गुण होते. गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, ‘याला गुणाकार येत नाही. अहवालात तसंच जाणार.’ आणि त्यांनी आधी पोरींचे भरायला घेतले.

उपस्थितीचं तर याहून मजेशीर आहे. 1 डिसेंबर 2023 पासून राज्यात ‘स्मार्ट उपस्थिती’ आली. रोज अ‍ॅपवर प्रत्येक मुलाची हजेरी. त्यात कप्पे दोन, हजर आणि गैरहजर. आता ज्यानं हे कप्पे पाडले त्यानं जुलैत पोलादपूर पाहिलेलं नसावं. लावणीला गेलेलं पोर गैरहजर, हे कबूल. आजीला घेऊन महाडला डोळे दाखवायला गेलेलंही गैरहजर. शिमग्याच्या पालखीबरोबर वरच्या वाडीला गेलेलं असेल, तर निम्मी शाळा आणि कधी कधी गुरुजीही तिकडेच असतात. पण ओढ्याला पाणी चढल्यामुळे जे पोर दप्तर डोक्यावर घेऊन पलीकडच्या काठावर उभं आहे, शाळेच्या ओट्यावरून दिसतंय, हाक मारली तर ओ देतंय, ‘गुरुजी, गृहपाठ क्येलाय’ असंही ओरडून सांगतंय, पण येऊ शकत नाही, ते काय? कागदी हजेरीपटावर गुरुजी एक टिंब द्यायचे आणि पाणी उतरल्यावर त्या टिंबाचं काय करायचं ते ठरवायचे. अ‍ॅपला टिंब समजत नाही.

याच्याही आधीचा एक प्रयोग लोक विसरले. 2016 च्या नोव्हेंबरात शासनानं ठरवलं होतं, की नव्या वर्षाच्या जानेवारीपासून दर सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा मुलांच्या गटासोबत सेल्फी काढून तो सरल प्रणालीत चढवायचा. हेतू चांगला होता, शाळाबाह्य मुलांचं प्रमाण कमी व्हावं. पण आमच्याकडच्या कित्येक वाड्यांत माणसं मुंबईला, घरांना कुलपं आणि पटावर पोरं सात. दहाचा गट करायला तीन पोरं आणायची कुठून? एक गुरुजी म्हणे स्वयंपाकीण ताई, त्यांची सून आणि अंगणवाडीतलं पोर मांडीवर घेऊन तयारीला लागले होते. शिक्षक संघटनांनी ओरड केली, निर्णय बारगळला, आणि एक अप्रतिम फोटोसंग्रह महाराष्ट्राच्या हातून गेला.

या सगळ्या तंत्रज्ञानाचं मुख्यालय पुण्यात किंवा मुंबईत आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो चूक आहे. ते महाडच्या एसटी स्टँडजवळ माझ्या मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात आहे. बाहेर पाटी, ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारची ऑनलाइन कामे’. आत एक टेबल, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. माझं तिथं काही काम नसतं, पण चहा येतो.

एप्रिल संपत आला की दुकानात दोन्ही तालुक्यांतले शिक्षक उतरतात. हातात पेनड्राइव्ह, चेहऱ्यावर निकालाची काळजी. मुलांच्या निकालाची नव्हे, निकालपत्रकाच्या. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, गुणांच्या जागी अ-1, अ-2, ब-1 अशा श्रेणी आल्या, आणि त्यासोबत वर्णनात्मक नोंदी. कल्पना फार सुंदर. पोराला नुसते आकडे देऊ नका, त्याच्याविषयी दोन शब्द लिहा. पण दोन शब्द गुणिले विषय गुणिले सत्रं गुणिले पोरं, असा हिशेब झाला, आणि वर दोन शिक्षकांना चार वर्ग. मग मराठी माणसाची प्रतिभा जागी झाली. वर्णनात्मक नोंदींची छापील पुस्तकं निघाली. पुस्तकांच्या पीडीएफ झाल्या. पीडीएफची एक्सेल शीट झाली, कुणा तंत्रस्नेही शिक्षकानं बनवलेली, कुठल्याशा ग्रुपवरून आलेली. नाव टाका, श्रेणी टाका, नोंद आपोआप उमटते.

ती उमटताना काय होतं हे झेरॉक्सवाल्याच्या मित्रालाच माहीत. ‘वर्गात शांत बसतो’ ही नोंद चौथीतल्या सहा मुलींच्या प्रगतिपत्रकावर छापून आली. बाईंनी एक्सेलमध्ये ‘बसतो’च्या जागी सगळीकडे ‘बसते’ केलं, तेव्हा मुलगेही ‘बसते’ झाले. एका गुरुजींची फाइल विदर्भातून आली असावी, कारण सह्याद्रीच्या कुशीतल्या त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना परिसर अभ्यासात ‘संत्र्याच्या बागेची माहिती सांगतो’ असा शेरा मिळाला. एका संचावर तर शाळेच्या नावाखाली भलत्याच जिल्ह्याचं नाव होतं. चाळीस प्रती निघाल्यावर ते दिसलं. ‘राहू द्या,’ गुरुजी म्हणाले, ‘पालक फोटो बघतात.’

तेव्हा मला नात्याच्या चिंतामणरावांची आठवण झाली. आपल्या महाड तालुक्यातलं रायगडाजवळचं नाते, तिथं 1896 साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख. 1912 च्या मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. आज ते तिसरीत असते तर त्या शीटमधून त्यांच्या नावापुढे उमटलं असतं, ‘नाणी व नोटा ओळखतो.’ नोटांवर सही त्यांची असली तरी फरक पडला नसता. एक्सेलला पुढचं दिसत नाही, आणि मागचंही ज्यानं भरलं त्याचंच दिसतं.

तंत्रज्ञानानं अभ्यासक्रमात यायला मोबाइलची वाट पाहिली, असं मात्र नाही. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी स्थापन झाली होती, शालेय कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था. त्या कार्यक्रमांसाठी शाळांना मिळालेले टीव्ही चोरी होऊ नये म्हणून मुख्याध्यापकांच्या कपाटात किंवा चक्क घरी सुरक्षित राहत, इतके सुरक्षित की पोरांनाही ते सापडत नसत. बालचित्रवाणी 2017 साली बंद पडली. तोवर बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले होते. ही कल्पना ज्यांनी आधी आपल्या शाळेत राबवून दाखवली, ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, बक्षीस दहा लाख डॉलर, आणि त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटून टाकलं. ही बातमी आली तेव्हा दुकानात दोन मतं पडली. अर्धे शिक्षक कोडवर खूष होते, अर्धे वाटपावर अस्वस्थ.

कोड वाईट नाही, हे माझं मत. गणपतीला मुंबईकर गावी आला, की भाच्याच्या पुस्तकावर आपला मोठा मोबाइल धरतो. दीक्षा अ‍ॅप उघडतं, गोल फिरतो, आणि फाट्यावर नेलं तर ज्वालामुखीचा व्हिडिओ खरोखर चालतो. लाव्हा खाली ओघळताना पोरं डोळे फाडून बघतात. समोरचा सगळा सह्याद्री अशाच लाव्ह्याचा झालाय, हे गुरुजींनी फळ्यावर तीनदा काढून दाखवलं होतं, ते त्या दिवशी पटतं. व्हिडिओला शिक्षक लागतो आणि शिक्षकाला व्हिडिओ लागतो, फक्त दोघांनाही रेंज लागते.

मग करोनाचं वर्ष. शाळा बंद, पण शिक्षण सुरू. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, आणि ज्यांच्याकडे टीव्ही होता ते शेजारच्या पोरांना अंगणात बसवून खिडकीतून दाखवायचे. ऑनलाइन वर्गात पोरं झाडावर बसून हजर राहिली, हे काही विनोदासाठी रचलेलं नाही. गुरुजी ‘कॅमेरा चालू करा’ म्हणायचे आणि पडद्यावर फणसाची पानं दिसायची.

2021 साली दहावीची परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लावायचा ठरला. 16 जुलैला दुपारी निकाल. मित्राच्या दुकानापुढे एसटीच्या रांगेपेक्षा मोठी रांग. राज्याचा निकाल 99.95 टक्के! म्हणजे ज्याला नापास व्हायचं होतं त्याला विशेष प्रयत्न करावे लागले असणार. आणि नेमकी तेव्हाच निकालाची वेबसाइट बंद पडली. संध्याकाळपर्यंत गोल फिरत होता. परीक्षेला न बसता सगळी पोरं पास झाली, आणि आख्ख्या महाराष्ट्रात एकटी वेबसाइट नापास. मित्र दर पाच मिनिटांनी रांगेला सांगायचा, ‘पास आहात, घरी जा.’ कुणी हलेना. कागद हातात पडल्याशिवाय कोकणातला माणूस पास होत नाही.

त्यानंतर सहाच दिवसांनी, 22 जुलैला, महाड पाण्यात गेलं. त्या दिवसांवर विनोद करायला हात धजत नाही. एवढंच सांगतो, की दुकानातले कॉम्प्युटर आणि प्रिंटर चिखलात गेले ते गेलेच. भिजलेले दाखले आणि वह्या मात्र लोकांनी दोऱ्यांवर टांगून, पान पान सुटं करून वाळवल्या. शाई पसरली होती, पण नाव वाचता येत होतं. तेव्हापासून मित्र नवं मशीन माळ्यावर ठेवतो आणि गिऱ्हाइकाला शिडी दाखवतो.

दाखल्यावरून आठवलं. आपल्याकडे एक पिढीच्या पिढी 1 जूनला जन्मली. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, ‘मोठा पाऊस झाला त्या साली’ एवढाच पुरावा. गुरुजी पोराला उजव्या हातानं डोक्यावरून डावा कान धरायला लावायचे, कान हाती आला की सहा वर्षं पूर्ण, तारीख 1 जून. वयाचं मूल्यमापन करणारं हे यंत्र वीज, रेंज, ओटीपी यांपैकी काही मागत नसे. आता आधार आहे. आधारवर नाव एक, शाळेत दुसरं, रेशनकार्डावर तिसरं. वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, निम्म्यांच्या बापाचंही नाव एकच, आणि पोर्टलला संशय येतो की हा विद्यार्थी दुबार आहे. आधार जुळलं नाही तर पोर संचमान्यतेत मोजलं जात नाही, आणि ते मोजलं गेलं नाही तर शिक्षकाचं पद धोक्यात. त्यामुळे पोर रोज शाळेत येतं, पहिल्या बाकावर बसतं, दोन वेळा खिचडी मागतं, पण शासनाच्या दृष्टीनं ते अजून जन्माला यायचंय. पालकाला घेऊन आधार केंद्रावर जायचं, अंगठा द्यायचा. पालकाचा अंगठा लावणीत झिजलेला, तो मशीनवर उमटत नाही. मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

मी एकदा एका केंद्रप्रमुखांना सरळ विचारलं, ‘साहेब, हे सगळं भरलेलं पुढे बघतं कोण?’ साहेब चांगले होते. विचार करून म्हणाले, ‘किती शाळांनी भरलं, ते रोज बघतात.’ आणि काय भरलं ते? ‘त्याला वेळ लागेल.’ आंबेनळी घाटातून वर चढणारी माहिती मी पुष्कळ पाहिली. उतरणारी अजून कुणी पाहिलेली नाही. कुठल्या पोराला भागाकार येत नाही हे गुरुजींना जूनमध्येच ठाऊक असतं. ऑगस्टात ते चाचणीत दिसतं, सप्टेंबरात चॅटबॉटवर चढतं, दिवाळीनंतर त्याचा रंगीत आलेख होतो, आणि पोर तिथंच असतं. आलेखाऐवजी एखादा जादा शिक्षक आला असता तर भागाकाराचं काहीतरी झालं असतं, पण जादा शिक्षक अपलोड होत नाही.

याउलट एका वाडीवरच्या बाईंनी काय केलंय ते सांगतो. त्या जूनमध्ये प्रत्येक पोराचं एक पानाचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करतात. तेच पान पुन्हा दिवाळीच्या सुट्टीआधी, पुन्हा मार्चमध्ये. मग पोराला शेजारी बसवून तिन्ही ऐकवतात. जूनमधला आपला अडखळणारा आवाज ऐकून पोर खदाखदा हसतं, ‘बाई, ह्यो मी नाय!’ आणि मार्चचं ऐकताना गप्प होतं. याला रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही. आईबापाला बोलावलं तर त्यांनाही एका मिनिटात कळतं की पोर कुठं होतं आणि कुठं आलं. बाईंनी ही गोष्ट एका बैठकीत मांडली. सगळ्यांना आवडली. त्यांना विचारलं गेलं, ‘छान. याची लिंक आहे का?’

त्याच बाई मागच्या पावसात दुकानात आल्या होत्या, सातवीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन. आता पोरांच्या हाती एआय आलंय. दादाच्या मोबाइलवर विषय टाकला की निबंध तयार. विषय होता ‘पावसाळ्यातील एक दिवस’. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘रिमझिम सरी बरसत होत्या. मी खिडकीशी बसून गरमागरम कॉफीचा आस्वाद घेत होते. निसर्गाने हिरवा शालू पांघरला होता.’ बाईंनी तिला उभं केलं. ‘रिमझिम? आपल्याकडे? कधी?’ पोरगी खाली मान घालून म्हणाली, ‘बाई, मोबाइलनं लिवलंय. त्याला आपला पाऊस म्हाईत नाय.’

बाईंनी तिला वर्गातच पुन्हा लिहायला बसवलं. ते पान त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं. त्यात पाच ठिकाणी गळणारं छप्पर होतं, आणि घरात भांडी चारच होती. बांध फुटला म्हणून बापू रात्री कंदील घेऊन गेले ते पहाटे आले आणि भिजल्या अंगानं चुलीपुढे बसल्या बसल्या झोपले. म्हशीला घरात घेतलं होतं आणि ती रात्रभर आजीकडे बघत होती. शुद्धलेखनाच्या चुका तेवीस. दुकानात कुणी काही बोललं नाही; मित्रानं मशीन बंद केलं होतं.

मग बाई कॉम्प्युटरवर बसल्या आणि त्या मुलीच्या नावापुढे, भाषेच्या रकान्यात, स्वतःच्या बोटांनी टाइप केलं, ‘पावसाचं खरं लिहिते.’ एंटर दाबलं. रकाना लाल झाला. ‘कृपया यादीतील नोंदच निवडा.’ बाईंनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल. त्यांनी यादी उघडली, वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली आणि शेवटी ‘हस्ताक्षर सुवाच्य आहे’ निवडलं. रकाना हिरवा झाला.

‘आहे का हो सुवाच्य?’ मी विचारलं.

‘कुठलं! निम्मं पान छपरानं धुतलंय,’ बाई म्हणाल्या. ‘चला, लवकर प्रिंट काढा. दोनपर्यंत लिंक भरायचीय, आणि साडेबाराची गाडी चुकली तर मी रेंजच्या बाहेर.’